शर्यतीकडे पाठ करून

श्रोतेहो, नमस्कार.

देवगडजवळ माझं गॅरेज आहे. होड्यांची इंजिनं, दुचाक्या, गणपतीच्या तोंडावर चाकरमान्यांच्या गाड्या, जे दारात येईल ते करतो. पण त्याआधी नऊ वर्षं मी मोटार शर्यतीच्या टीममध्ये मेकॅनिक होतो, आणि आज त्याबद्दल बोला असं मला सांगितलंय. गावात हे कळलं तेव्हा आमच्या काकीने विचारलं, "म्हणजे गाडी तू चालवूक नाय?" म्हटलं, नाही. "मगे थंय तुझा काम काय?"

काकीला तेव्हा नीट सांगता आलं नाही. आज जमतंय का बघतो.

नऊ वर्षांत एकही शर्यत मी धड पाहिलेली नाही. गाडी सुटली की आम्ही पुढच्या शर्यतीच्या टायरांकडे वळायचो, नाहीतर सुटे भाग धुवायला बसायचो. पाठ ट्रॅककडे, कान मात्र तिकडेच. गाडी समोरून गेली की आवाज यायचा, आणि मिनिट-दोन मिनिटांनी तोच आवाज पुन्हा यायला हवा. नाही आला की हातातला पाना खाली. बंदरावर संध्याकाळी ज्यांनी होडीच्या आवाजाची वाट पाहिली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मी इंजिन शिकलो तेही होड्यांवरच. जून-जुलैत मासेमारी बंद, लाँच किनाऱ्याला, आणि वडील दोन महिने इंजिनं खोलून बसलेले. त्यांची आवळण्याची पद्धत म्हणजे पान्याला पाइप लावायचा आणि त्यावर लोंबकळायचं. पाना मोडला तर मोडला. ही विद्या घेऊन मी कोइमतूरला गेलो. कोकण रेल्वेने शोरनूरपर्यंत आणि तिथून गाडी बदलून. कोइमतूरला कारी मोटर स्पीडवे म्हणून २.१ किलोमीटरचा ट्रॅक आहे, २००३ साली सुरू झालेला. एस. करिवर्धन यांच्या नावावरून ते नाव. मारुती ८०० चं इंजिन घालून एका सीटची शर्यतीची गाडी इथेच, आपल्या देशात बनवणारा माणूस. मी ज्या गाड्यांवर काम केलं त्यांतही मारुतीचंच १३०० सीसीचं इंजिन होतं. तुमच्या शेजाऱ्याच्या गाडीत असतं तसलंच. फरक इतकाच, की इथे भोवती पाइपांचा सांगाडा, डोक्यावर छप्पर नाही, आणि ड्रायव्हर जमिनीपासून चार बोटांवर बसलेला.

आमचे मुख्य मेकॅनिक अण्णा. चेन्नईच्या बाहेर इरुंगट्टुकोट्टईला १९९० मध्ये पक्का ट्रॅक झाला, त्याआधी शोलावरमच्या जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, तेव्हापासूनचे. त्यांचं हिंदी आणि माझं हिंदी यांची बेरीज केली तरी एक पुरं हिंदी झालं नसतं. पहिल्याच दिवशी मी माझ्या वडिलांसारखा बोल्टवर लोंबकळलो. अण्णांनी पाना काढून घेतला, टॉर्क रेंच हातात दिला. ठरलेला जोर पडला की तो 'टक' असा वाजतो. टक वाजला की थांबायचं. महिनाभर मी फक्त थांबायला शिकत होतो.

वेगाचं काम किती मंद असतं ते एका गोष्टीवरून सांगतो. शर्यतीआधी गाडीच्या चारही चाकांखाली चार वजनकाटे ठेवायचे आणि कुठल्या चाकावर किती भार पडतो ते बघायचं. तिरप्या समोरासमोरच्या कोपऱ्यांचं गणित जुळलं नाही, तर गाडी डावीकडे एक वळते आणि उजवीकडे भलतीच. मग स्प्रिंग अर्धा फेरा फिरवा, परत मोजा, परत फिरवा. ड्रायव्हर आत बसलेला असताना मोजायचं असतं, कारण उद्या तो आत असणारच. एकदा आमचा ड्रायव्हर हॉटेलवर झोपायला गेला होता. अण्णांनी कँटीनमधून तांदळाची पोती मागवली, त्याच्या वजनाइतकी, आणि सीटवर पट्ट्याने बांधली. रात्री अकरा वाजता पाच माणसं वाकून तांदळाच्या पोत्यांचं वजन चार कोपऱ्यांत वाटत होती. चाकं सरळ आहेत का ते बघायला गाडीच्या दोन्ही बाजूंना दोरी ताणायची, आपला गवंडी ताणतो तशीच. मग चाकाच्या पुढून आणि मागून दोरीपर्यंतचं अंतर मोजायचं. यातला एक मिलिमीटर चुकला की ड्रायव्हर परत येऊन बोंब मारतो, आणि ती बोंब खरी असते.

लोक मला नेहमी पिट स्टॉपचं विचारतात. दोन सेकंदांत चाकं बदलतात ना? बदलतात, फॉर्म्युला वनमध्ये. २०२३ साली कतारला मॅक्लारेन टीमने चारही चाकं १.८० सेकंदांत बदलली. त्या एका गाडीभोवती विसाच्या वर माणसं असतात, एकेका चाकाला तिघे. आमच्या शर्यतीत चाक बदलायला थांबणंच नव्हतं, आणि माणसं होतो मोजून पाच. २०११ मध्ये ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वन आली. शुक्रवारच्या सरावात तिथे ट्रॅकवर एक कुत्रा शिरला आणि सराव थांबवावा लागला. आम्ही टीव्हीसमोर हसून लोळलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती शर्यत आपल्या देशातली वाटली. शर्यत तिथे तीन वर्षं झाली, तीनही वेळा सेबास्टियन व्हेटेल हाच ड्रायव्हर जिंकला, आणि शर्यत इथून गेली ती गेलीच.

पैशाचंही सांगून टाकतो. मला शर्यतीच्या आठवड्याचे पैसे मिळायचे, मधले आठवडे कोरडे. एका टीमचा जाहिरातदार सुटला आणि मालकांनी फोन उचलणं बंद केलं. दोन शर्यतींचे पैसे अजून यायचे आहेत. पण त्याहून जास्त लागलं ते गणपतीचं. शर्यतींची तारीख आणि चतुर्थी बऱ्याचदा गळ्यात गळा घालून यायची. कोकणातला माणूस पगार बुडालेला सोसेल. चतुर्थीला घरी आरती चालू असताना फोन कानाला लावून कोइमतूरच्या शेडमध्ये उभं राहणं मला शेवटपर्यंत जमलं नाही.

आता माझ्या हातून झालेलं. एका शनिवारी चार वाजता आमची गाडी भिंतीला घासली आणि पुढच्या चाकाचे दोन्ही दांडे वाकले. शर्यत रविवारी सकाळी. रात्रभर सुटं केलं आणि जोडलं. पहाटे तीनच्या सुमारास स्टीअरिंगच्या टाय रॉडचा, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांड्याचा, लॉकनट मी हाताने फिरवून ठेवला, पाना आणायला उठलो, वाटेत कुणीतरी चहा दिला. परत आलो तो दुसऱ्याच चाकाशी बसलो. तिसऱ्या फेरीत आवाज पुन्हा आला नाही. ड्रायव्हर धडधाकट होता, गाडी वळणाबाहेर वाळूत रुतलेली. स्टीअरिंग सरळ धरलं तरी चाक तिरकं.

अण्णा ओरडले नाहीत. गुडघ्यावर बसले, नटाकडे बोट दाखवून म्हणाले, "लाइन किधर है?"

पद्धत अशी, की नट आवळून झाला, टक वाजला, की नटावरून खालच्या पट्टीवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढायची. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. आणि रेघच नसेल, तर तो नट कुणी आवळलेलाच नाही, मग तू कितीही शपथा घे. मी रेघ ओढली नव्हती. त्यानंतर खिशात रंगाचं पेन नाही असा दिवस गेला नाही.

ती सवय घेऊनच गावी आलो. होडीच्या शाफ्टच्या कपलिंगचे बोल्ट, बुलेटचं मागचं चाक, सगळीकडे पांढरी रेघ. सुरुवातीला गिऱ्हाइकं विचारायची, हे काय खडूने खेळलायस? मग एका तांडेलाने समुद्रात रेघ तुटलेली पाहिली, वेळेत बोल्ट आवळला आणि बंदरावर सगळ्यांना सांगितलं. आता लोक काम सांगतानाच म्हणतात, ती रेघ मारून दे हां.

गेल्या महिन्यात एक स्कूटर आली, दुसरीकडून दुरुस्त होऊन. मागचं चाक डुगडुगत होतं. खाली वाकून बघितलं तर नटावर सुरेख पांढरी रेघ, पट्टीने ओढल्यासारखी सरळ. बोटांनी धरला आणि नट हाताने फिरला.