लाइनमन: १०,३६३ वेळा त्याच जागेवर

नमस्कार मंडळी! लाइनमन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोण येतं? खांबावर चढलेला, कमरेला पक्कड लटकवलेला वीज मंडळाचा माणूस. घरात लाइट आहे तोवर त्याची कुणाला आठवण येत नाही. लाइट गेली रे गेली की सगळी सोसायटी त्याचा नंबर शोधते.

आजचा आपला लाइनमन अमेरिकन फुटबॉलमधला आहे. खांबावर वगैरे चढत नाही, पण नशीब अगदी तेच.

[स्क्रीनवर मोठ्या अक्षरात: १०,३६३]

हा आकडा डोक्यात राहू द्या. जो थॉमस नावाच्या माणसाच्या अख्ख्या करिअरमध्ये लोकांना पाठ असलेला हा एकच आकडा. त्यात एक टचडाउन (चेंडू रेषेपार नेऊन मिळवलेले गुण) नाही, एक झेल नाही. तो फक्त किती वेळा मैदानावर उभा राहिला, त्याची मोजदाद आहे.

आधी थोडं मैदान समजून घेऊ. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्या संघाचे ११ खेळाडू. त्यातले पाच जण चेंडूच्या रेषेवर खांद्याला खांदा लावून वाकलेले असतात. मधला सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना गार्ड आणि दोन टोकांना टॅकल. नावावर जाऊ नका, हे टॅकल कुणालाही टॅकल करत नाहीत. पाडापाडीचं काम समोरच्यांचं, यांनी ती होऊ द्यायची नाही. सेंटर दोन पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅककडे, म्हणजे पास टाकणाऱ्या मुख्य खेळाडूकडे देतो, त्याला स्नॅप म्हणतात. तिथून पुढचे काही सेकंद या पाच जणांचे. पास टाकायचा असेल तर क्वार्टरबॅकभोवती भिंत उभी करायची, चेंडू घेऊन धावायचं असेल तर धावणाऱ्याला वाट मोकळी करून द्यायची. स्वतः चेंडूला हात लावायचा नाही. रेफ्रीला आधी कळवल्याशिवाय यांना पास झेलण्याचीसुद्धा परवानगी नसते. बसची सीट अडवून ठेवायची, पण तिच्यावर स्वतः बसायचं नाही, असा काहीसा प्रकार.

आता एक स्नॅप जवळून बघू. आपला माणूस डाव्या टोकाला, म्हणजे लेफ्ट टॅकल. समोर साधारण १२० किलोचा गडी, आणि तो धावणार आहे सरळ पुढे. आपल्या माणसाला मात्र मागे जायचंय, तेही त्याच्याकडे तोंड करून. उजव्या पायानं जमीन दाबायची, डावा पाय मागे सरकवायचा. पुन्हा उजवा दाबायचा, डावा सरकवायचा. दोन पाय एकमेकांजवळ येता कामा नयेत, आले की तोल गेला. गुडघे वाकलेले, पाठ सरळ, डोकं मागे. आणि हात? सगळी गंमत हातांत आहे. लवकर पुढे टाकलेत तर समोरचा ते झटकून बाजूनं निसटतो. उशीर केलात तर तो तुमच्या छातीत घुसलेला असतो. त्याच्या छातीवर तळहात नेमके बसले तर ठीक, पण जर्सी मुठीत धरून ओढली की होल्डिंग आणि १० यार्डांचा दंड, म्हणजे सगळा संघ तेवढा मागे. हे सगळं तीन सेकंदांच्या आत. त्यातून परक्या गावचं स्टेडियम असलं की ८० हजारांच्या गोंगाटात क्वार्टरबॅकचा आवाज ऐकूच येत नाही. मग डोळ्याच्या कोपऱ्यातून चेंडूकडे बघत राहायचं आणि तो हलला की हलायचं. क्षणभर आधी हललात की आणखी पाच यार्ड दंड.

थॉमसचं वैशिष्ट्य असं की तो प्रत्येक वेळी एकसारखा मागे जायचाच नाही. कधी खोलवर सरकायचा, कधी स्नॅप होताच समोरच्याच्या अंगावर झेप घ्यायचा, कधी हात दाखवायचा आणि टाकायचा नाही. समोरच्यानं आठवडाभर व्हिडिओ बघून जो थॉमस पाठ केलेला असायचा, तो रविवारी भेटायचाच नाही.

डाव्या टोकाचं एवढं कौतुक का? उजव्या हातानं फेकणारा क्वार्टरबॅक पास टाकायला वळला की त्याची पाठ डावीकडे होते. तिथून कोण येतंय ते त्याला दिसत नाही. १८ नोव्हेंबर १९८५. वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइसमन आणि न्यू यॉर्क जायंट्सचा लॉरेन्स टेलर. सोमवार रात्रीचा सामना, सगळा देश टीव्हीसमोर. टेलरनं थाइसमनला पाडलं आणि त्याच्या उजव्या पायाची हाडं मोडली. टेलर स्वतःच उठून हात हलवून डॉक्टरांना बोलवायला लागला. थाइसमन पुन्हा कधी खेळला नाही. त्या दिवशी वॉशिंग्टनचा नेहमीचा लेफ्ट टॅकल दुखापतीमुळे संघाबाहेर होता. ती फीत मी इथे दाखवणार नाही, तुम्हीही शोधायला जाऊ नका, जेवण जात नाही. पुढे १९९३ पासून खेळाडूंना करार संपल्यावर हव्या त्या संघात जायची मोकळीक मिळाली आणि बाजारात डाव्या टोकाचा भाव चढत गेला.

भाव चढला, तरी हिशेबाची वही कोरीच. क्वार्टरबॅकचे यार्ड मोजतात, झेलणाऱ्याचे झेल मोजतात, क्वार्टरबॅकला पाडणाऱ्याचे सॅकसुद्धा त्याच्या नावावर लागतात. पण त्याला थोपवणाऱ्याच्या नावावर अधिकृत नोंद काय? सामने किती खेळला, एवढीच. स्टेडियमच्या भोंग्यावर त्याचा नंबर पुकारला जातो तो दंड झाला तरच. ‘होल्डिंग, नंबर ७३.’ आणि घरच्या प्रेक्षकांचा सामुदायिक सुस्कारा.

नंबर ७३ म्हणजे आपला थॉमस. जन्म १९८४ चा, विस्कॉन्सिन राज्यातल्या ब्रुकफील्डचा. विस्कॉन्सिन विद्यापीठाकडून खेळला आणि २००६ मध्ये कॉलेजातल्या सर्वोत्तम लाइनमनला मिळणारी आउटलंड ट्रॉफी त्यानं घेतली. एप्रिल २००७ मध्ये ड्राफ्ट, म्हणजे संघांनी आळीपाळीनं नवे खेळाडू निवडायचे. निवडून येणार अशी खात्री असलेली पोरं तेव्हा नवा सूट शिवून न्यू यॉर्कला जायची, कॅमेऱ्यांसमोर टोपी घालायची. थॉमसलाही बोलावणं होतं. तो गेला नाही. त्या दिवशी तो वडिलांबरोबर लेक मिशिगनमध्ये बोटीवर मासे धरत बसला होता. तिसऱ्या क्रमांकावर क्लीव्हलंड ब्राउन्सनं त्याला घेतलं ही बातमी त्याला तिथे पाण्यावर कळली. मला विचाराल तर पुढची ११ वर्षं त्या एका दिवसात दिसतात. त्याच ड्राफ्टमध्ये पहिला निवडलेला क्वार्टरबॅक जमार्कस रसेल तीन हंगामांत लीगबाहेर गेला होता.

आता क्लीव्हलंड. कसं सांगू? पहिल्या वर्षी १० सामने जिंकले, तरी प्लेऑफ, म्हणजे हंगामानंतरची बाद फेरी, हुकलं. त्यानंतर थॉमस होता तोवर त्यांनी हंगामात सातपेक्षा जास्त सामने कधी जिंकलेच नाहीत. २०१६ मध्ये १६ पैकी एक. २०१७ मध्ये १६ पैकी शून्य. थॉमस खेळला त्या १६७ सामन्यांपैकी ४८ जिंकले, ११९ हरले. प्लेऑफचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. सहा मुख्य प्रशिक्षक आले नि गेले.

आणि क्वार्टरबॅक? २०. त्याच्या मागे उभे राहून २० वेगवेगळ्या क्वार्टरबॅकांनी सामन्याची सुरुवात केली. पहिला चार्ली फ्राय. थॉमसचा पहिलाच सामना, पिट्सबर्गकडून ३४-७ मार. दोन दिवसांनी फ्रायला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं.

इथे थोडं थांबतो, कारण ‘२० क्वार्टरबॅक’ हा विनोद म्हणून सांगतात आणि त्यातली खरी अडचण राहून जाते. टॅकलची पाठ क्वार्टरबॅककडे असते. आपण कुणाला वाचवतोय ते त्याला दिसतच नाही. क्वार्टरबॅक सात यार्ड मागे जाऊन उभा राहणार, हे गृहीत धरून तो समोरच्याला बाहेरच्या बाजूनं ढकलत, वळसा घालायला लावत त्या जागेच्या मागे नेऊन सोडतो. क्वार्टरबॅक सातवर उभा राहिला तर काम फत्ते. घाबरून नऊवर सरकला, तर तोच ढकललेला माणूस थेट त्याच्या अंगावर. चूक कुणाची? टीव्हीवर दिसते ती टॅकलची. एकाच क्वार्टरबॅकसोबत पाच वर्षं काढली की त्याचं पाऊल पाठीला कळतं. थॉमसच्या पाठीला ते २० वेळा नव्यानं शिकावं लागलं. कुणी चेंडू पटकन सोडणारा, कुणी हातात धरून विचार करत बसणारा, कुणी दिसेल तिकडे पळणारा. तरीही पहिल्या दहाही हंगामांत तो प्रो बोलसाठी, म्हणजे निवडक खेळाडूंच्या संघात, निवडला गेला.

२०१५ च्या नोव्हेंबरमध्ये सुटकेची संधी आली होती. डेन्व्हर ब्रॉन्कोजला लेफ्ट टॅकल हवा होता, अदलाबदलीची मुदत संपायच्या दिवशी बोलणी रंगली आणि फिसकटली. तीन महिन्यांनी डेन्व्हरनं सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. थॉमस क्लीव्हलंडमध्येच. हा संघ जिंकायला लागेल तेव्हा मला इथे असायचंय, असं तो सांगत असे. याला निष्ठा म्हणायचं की भाबडेपणा, यावर आमच्या घरात दोन तट आहेत.

शरीराचं काय झालं? खेळत असताना वजन जवळपास १४० किलो. आपल्याला वाटतं मजा आहे, हवं ते खा. पण भूक नसताना, पोट भरल्यावर, रात्री झोपण्याआधी पुन्हा पिझ्झा, बिस्किटं नि आइस्क्रीम कोंबायचं, कारण सकाळी वजन उतरलेलं चालणार नाही. रोजची ही सक्तीची पंगत. निवृत्त झाल्यावर त्यानं २० किलोंहून जास्त वजन उतरवलं आणि जुने चाहते त्याला ओळखेनात. वजन उतरवता येतं. विसरायला होतंय, असंही तो खेळत असतानाच उघडपणे बोलला होता, ते उतरवता येत नाही. या खेळातल्या मेंदूच्या आजाराची पहिली मोठी नोंद झाली तीही लाइनमनचीच. पिट्सबर्गचा सेंटर माइक वेबस्टर, चार सुपर बोल जिंकलेला, २००२ मध्ये ५० व्या वर्षी गेला. डॉक्टर बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला, तिथून तो सगळा विषय उघड्यावर आला. लाइनमन प्रत्येक स्नॅपला टक्कर घेतो. प्रत्येक.

आणि थॉमसनं एकही स्नॅप सोडला नव्हता. २००७ च्या पहिल्या सामन्यापासून त्याच्या संघाकडे चेंडू असताना तो बाकावर बसलाच नाही. संघ ३० गुणांनी हरत असो, डिसेंबरचा बर्फ पडत असो, गुडघा सुजलेला असो.

२२ ऑक्टोबर २०१७, घरचं मैदान, समोर टेनेसी टायटन्स, तिसरं क्वार्टर. स्नॅप झाला, गर्दी कोसळली, आणि थॉमस डावा दंड धरून खाली बसला. ट्रायसेप्सचा स्नायू फाटला होता. तो चालत बाहेर गेला आणि त्याच्या जागी स्पेन्सर ड्रँगो उभा राहिला. १०,३६३ वर मोजणी थांबली. सामना जादा वेळेत गेला, क्लीव्हलंड १२-९ असं हरलं.

मार्च २०१८ मध्ये तो निवृत्त झाला. २०२३ मध्ये पात्र ठरल्याच्या पहिल्याच वर्षी हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत गेला, ओहायोमधल्याच कँटन गावात, क्लीव्हलंडपासून गाडीनं तासाभरावर. पण मला सांगायचीय ती त्याआधीची एक रात्र.

२० सप्टेंबर २०१८, गुरुवार. न्यू यॉर्क जेट्सविरुद्ध सामना. क्लीव्हलंडनं शेवटचा सामना जिंकला होता २०१६ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी. मध्यंतरात थॉमसचा सत्कार ठेवलेला, स्टेडियमच्या सन्मान-पट्टीवर आकडा झळकवायचा होता: १०,३६३. तोवर संघ १४-३ असा मागे. क्वार्टरबॅक जखमी झाल्यामुळे मध्यंतराच्या थोडं आधी बेकर मेफील्ड नावाचा नवा पोरगा मैदानात आलेला. त्या २० जणांच्या यादीत नसलेला.

मध्यंतर संपलं, क्लीव्हलंड २१-१७ असं जिंकलं. ६३५ दिवसांनी. डाव्या टोकाला तिसराच कुणीतरी वाकून उभा होता, आणि थॉमस स्टेडियममध्येच होता, साध्या कपड्यांत.