यीस्टनं साखर ओढली म्हणून आपली शुगर उतरते काय?

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, जिथनं कुठनं ऐकताय त्या सगळ्यांना नमस्कार. आज बोलायचंय ते लॅबमधलं आहे, पण ते आपल्या घरातल्या शुगरच्या गोळीपाशीच येऊन पोचतंय.

आपल्याकडं कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, भिजवलेली मेथी हे घरोघरी चालूच असतंय, आणि सह्याद्रीच्या रानात मधुनाशिनीची वेल, जिचं पान चावलं की थोडा वेळ जिभेला गोड कळतच नाही, मग समोर कुंदा ठेवला तरी. अशा पाल्याचा अर्क काढून फार्मसी कॉलेजातली पोरं एक टेस्ट करतात. पाव फुगवायचं साधं यीस्ट घ्यायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून फिरवून धुवायचं, वरचं पाणी स्वच्छ होईस्तोवर, मग त्याचं दहा टक्क्यांचं द्रावण करून त्यात ग्लुकोज आणि अर्क घालून 37 डिग्रीला तासभर ठेवायचं आणि बाहेर ग्लुकोज किती शिल्लक राहिलं ते मोजायचं. कमी राहिलं म्हणजे यीस्टनं जास्त आत घेतलं, आणि त्यावरनं अर्क शुगर उतरवतो असं लोक धरून चालतात. खर्च कमी, जनावराचा जीव जात नाही, दिवसभरात आकडे हातात. मला ही टेस्ट मनापासून आवडते, शिकायला फार चांगली आहे.

पण मोबाईलवर मेसेज येतो "अमक्या पाल्यानं शुगर उतरते, लॅबमध्ये सिद्ध झालं", आणि लोक गोळी बंद करतात, तिथं माझा जीव खालीवर होतो. कारण बघा, यीस्टच्या पेशीला ग्लुकोज आत न्यायची स्वतःची प्रोटीनं आहेत, बाहेर जास्त आत कमी असलं की त्यांच्यातनं ते आत सरकतं, त्याला इन्सुलिन लागत नाही. आपल्या स्नायूंत जेवणानंतर इन्सुलिनचा इशारा आला की ग्लुट-फोर नावाचं प्रोटीन पेशीच्या पृष्ठभागावर येतं आणि मग साखर आत जाते, आणि डायबेटिसमध्ये बिघाड नेमका ह्या इशाऱ्यात असतो. यीस्टमध्ये तो इशाराच नाही, मग तो दुरुस्त झाला का हे यीस्ट कसं सांगणार?

अजून एक, जी पोरं ही टेस्ट करतायत त्यांच्यासाठी. एक नळी यीस्टशिवाय ठेवा, नुसता अर्क आणि ग्लुकोज. तिथंही ग्लुकोज कमी दिसलं तर ते यीस्टनं घेतलेलंच नाही, अर्कातल्या कशाला तरी चिकटलं असेल नाहीतर अर्काच्या रंगानं मोजमापात गोंधळ केला असेल. आणि अर्कात स्वतःची साखर किती तेही आधी मोजा. हे केल्याशिवाय ग्राफ काढू नका.

वनस्पतीतनं औषध येत नाही असं मी म्हणत नाही हां. मेटफॉर्मिन ह्या शुगरच्या गोळीचं मूळ गॅलेगा नावाच्या युरोपातल्या झाडाशीच जातं, पण तो रेणू लॅबमध्ये 1922 ला तयार झाला आणि डायबेटिसच्या पेशंटवर वापरल्याचं फ्रान्सच्या झाँ स्टर्न यांनी छापलं ते 1957 ला. मधे पस्तीस वर्षं.

तर घरी काढा, रस काही चालू असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका, नाव आणि किती घेता ते सांगा. ग्लिमेपिराईडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना वरनं कारल्याचा रस घेतला तर शुगर जास्तच खाली जाऊ शकते, घाम फुटतो, हात थरथरतात, गरगरतं. तसं झालं आणि माणूस शुद्धीवर असला तर लगेच साखरपाणी द्या आणि दवाखान्यात फोन करा, बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, थेट न्या.