गाडी गेली, नाव राहिलं

जुन्या गाड्यांचा व्यवसाय करणाऱ्यांपुढे वकील उभा राहिला की श्रोते जीएसटीची मनाची तयारी करूनच बसतात. तो विषय मी मधेच उरकून टाकणार आहे. माझं रोजचं काम मोटार अपघात दावा प्राधिकरणापुढचं. तिथे वर्षानुवर्षं बघतोय, तुमच्या धंद्यातली बहुतेक भांडणं एकाच फटीतून बाहेर पडतात. मालकानं किल्ली तुमच्या हातात ठेवली तो दिवस आणि आरसीवर नव्या माणसाचं नाव चढलं तो दिवस, या दोहोंमधल्या काळात गाडी नक्की कोणाची?

आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर ड्रॉवरमध्ये असायचं. मालकाच्या सह्या घेतलेले फॉर्म २९ आणि ३०, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे अर्ज, तारीख कोरी, घेणाऱ्याचं नाव कोरं. सांगलीची गाडी पुण्याच्या डीलरकडे, त्याच्याकडून सोलापूरला, आणि कोरे कागद गाडीबरोबर फिरतायत. का, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. प्रत्येक ट्रान्सफरला आरटीओचा खर्च, शिवाय ‘फर्स्ट ओनर’ची गाडी ‘सेकंड ओनर’ झाली की भाव उतरतो. म्हणून मधला माणूस कागदावर कधी दिसतच नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५० सांगतं की विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवावं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत. हे वाचून किती जण आरटीओत धावले, ते तुम्हीच सांगा.

हा प्रघात कोणाला भोवतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ च्या एका निकालात स्पष्ट दिसतं. एका माणसानं २००७ मध्ये गाडी विकली. ती पुढे हातोहात विकली जात राहिली. २००९ मध्ये अपघात झाला. आरसीवर नाव अजून पहिल्याचंच. न्यायालय म्हणालं, नोंदणी ज्याच्या नावावर तोच कायद्याच्या दृष्टीनं मालक. अपघातग्रस्तांच्या कुटुंबानं विक्रीची साखळी शोधत हिंडावं अशी अपेक्षा करता येणार नाही. ऐकायला कठोर वाटतं, पण मी जखमींच्या बाजूनंही उभा राहतो, आणि मला हा निकाल बरोबर वाटतो. फक्त त्याचा फटका ज्याला बसतो तो बहुधा एखादा निवृत्त शिक्षक असतो. त्यानं विश्वासानं गाडी दिलेली असते आणि पैसे मिळाले म्हणजे विषय संपला असं धरलेलं असतं. त्याला ई-चलान येतात. फास्टॅग काढायचा राहिला तर खेड शिवापूरचा टोल त्याच्या खात्यातून जातो. एवढ्यावर निभावलं तर नशीब म्हणायचं. १० नोव्हेंबर २०२५ ला दिल्लीत लाल किल्ल्याजवळ ज्या आय-ट्वेंटीत स्फोट झाला, तीही अशीच हातोहात गेलेली गाडी होती. पोलिस आधी पोहोचले ते आरसीवर नाव असलेल्या माणसाकडे. त्यानं गाडी केव्हाच विकली होती.

आता मुद्द्याकडे येतो. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रानं केंद्रीय मोटार वाहन नियमांत ५५-अ पासून नवे नियम घातले आणि १ एप्रिल २०२३ पासून ते लागू झाले. जुन्या नोंदणीकृत गाड्यांचा व्यवहार करायचा तर नोंदणी प्राधिकरणाकडून अधिकारपत्र घ्यायचं, ते पाच वर्षं चालतं. मालकानं गाडी ताब्यात दिली की दोघांनी मिळून ऑनलाइन फॉर्म २९-क भरायचा. त्या क्षणापासून तुम्ही मानीव मालक, म्हणजे आरसीवर नाव नसलं तरी कायद्याच्या दृष्टीनं मालक. चलान तुमचं, अपघात झाला तर उत्तर द्यायचं तेही तुम्हीच.

‘साहेब, अजून एक लायसन्सचं लफडं’ असा सूर मी याच व्यवसायातल्या लोकांकडून ऐकलाय. माझं मत उलट आहे. या नियमांनी तुमच्यावर जबाबदारी टाकली तसा हातही मोकळा केला. आरसीचं नूतनीकरण, फिटनेस, डुप्लिकेट आरसी, एनओसी, ट्रान्सफर, हे सगळे अर्ज आता अधिकृत डीलरला स्वतः करता येतात. मालक मुलाकडे न्यू जर्सीला गेला म्हणून सहीसाठी तीन महिने अडून बसायचं कारण नाही. आणि त्यासाठी गाडी आधी स्वतःच्या नावावर ट्रान्सफर करून घ्यावी लागत नाही, म्हणजे ओनरची संख्या वाढायची जी भीती होती तीही गेली.

एक अट मात्र झोंबणारी आहे. ताब्यातली गाडी रस्त्यावर न्यायची ती ग्राहकाला ट्रायल देण्यासाठी, दुरुस्ती-सर्व्हिसिंगसाठी, रंगकामासाठी किंवा तपासणीसाठीच. प्रत्येक फेरीची नोंद इलेक्ट्रॉनिक रजिस्टरमध्ये ठेवायची: कशासाठी नेली, कोणी चालवली, किती वाजता, किती किलोमीटर. मेव्हण्याला रविवारी महाबळेश्वरला जायला विक्रीची इनोव्हा द्यायची पद्धत यात बसत नाही. हसताय, पण अशाच रविवारच्या गाड्या माझ्या फायलींमध्ये येतात.

जीएसटी. जानेवारी २०२५ पासून जुन्या गाडीवर १८ टक्के, लहान-मोठी सगळ्यांना सारखे, आणि तेही मार्जिनवर, म्हणजे खरेदी-विक्रीतल्या फरकावर, पूर्ण किमतीवर नाही. मार्जिन उणे असेल तर कर नाही. घरगुती माणूस स्वतःची गाडी विकतो त्याला हा कर लागतच नाही; तेव्हा सोशल मीडियावर उठलेली आवई डोक्यातून काढून टाका. रोख घेताना एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त घेतले, तर जेवढी रक्कम तेवढाच दंड. तीन पावत्या फाडून उपयोग नाही, व्यवहार एकच धरतात.

आता ज्या गोष्टीबद्दल कोणी उघड बोलत नाही ती. मीटर. ऐंशी हजार चाललेली गाडी पंचेचाळीसवर आणून ठेवायला लॅपटॉप आणि अर्धा तास पुरतो. गिऱ्हाइकाला कळत नाही असं वाटतं, पण अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये प्रत्येक भेटीचं रीडिंग नोंदवलेलं असतं, आणि हल्ली मुलं ते आधी मागवतात. ही फसवणूक आहे. पूर्वी जिला आपण चारशेवीस म्हणायचो, ती भारतीय न्याय संहितेत ३१८ झाली, एवढाच फरक.

पुराच्या गाड्यांचं तर त्याहून वाईट. ऑगस्ट २०१९ ला सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ ला चिपळूण. अशा पाण्यात बुडालेली गाडी धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकायला ठेवली तर तिच्या आरसीवर पुराची नोंद नसते. कायदा इथे तोकडा आहे, हे मी मान्य करतो. पण सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला की गाळाची रेघ दिसते, सीटचे बोल्ट गंजलेले असतात, आणि गाडी घेताना तुमच्या मेकॅनिकनं ते पाहिलेलं असतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणं हीसुद्धा सेवेतली त्रुटी धरली आहे. एअरबॅगचं वायरिंग भिजलेली गाडी ‘नॉन-अ‍ॅक्सिडेंटल’ म्हणून खपवली तर शब्दशः ते खरं असेल. ग्राहक आयोगापुढे असला बचाव मांडणारे लोक मी पाहिलेत. टिकत नाही.

काहींचा समज असतो की वर कंपनी आहे, ती बघेल. गोव्यातल्या एका ग्राहकाला २०११ मध्ये नवी म्हणून दिलेली टाटाची गाडी प्रत्यक्षात २००९ ची, सहाशेवर किलोमीटर चाललेली निघाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये निकाल आला: डीलरची लबाडी कंपनीला माहीत होती असा पुरावा नसेल तर कंपनी सुटते, डीलर सुटत नाही. ही तर अधिकृत शोरूमची गोष्ट. तुमच्या पाठीशी मुळात कंपनीच नाही.

जाता जाता विम्याचं. ट्रान्सफर झाल्यावर थर्ड पार्टीचं, म्हणजे दुसऱ्यांना झालेल्या इजा-नुकसानीचं, कव्हर कायद्यानं आपोआप नव्या मालकाकडे जातं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं जात नाही. सर्वोच्च न्यायालयानं हे १९९६ मध्येच सांगितलंय. नव्या मालकानं १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करायचा असतो. ‘विमा मार्चपर्यंत आहे’ एवढं सांगून तुम्ही गाडी देता, तो दोन महिन्यांनी ताम्हिणीत दरडीला ठोकतो आणि क्लेम नाकारला जातो. क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, म्हणजे नो क्लेम बोनस, तोही माणसाचा असतो, गाडीबरोबर जात नाही. हे सांगायला एक मिनिट लागतं, किंवा डिलिव्हरी नोटवर दोन ओळी छापल्या तरी भागतं. त्याच नोटवर ताबा दिल्याची तारीख आणि वेळ मात्र हातानं लिहा आणि ग्राहकाची सही घ्या, कारण प्राधिकरणापुढे मी तुम्हाला पहिला प्रश्न त्याबद्दलच विचारणार आहे.