डेकच्या खालची बाजू

[दृश्य: सकाळ. बोटयार्ड. लोखंडी टेकूंवर उभ्या शिडाच्या बोटी, डोलकाठ्यांवर धुकं.]

चेसापीक उपसागर, अमेरिकेचा पूर्व किनारा. मार्च उजाडलाय, पण पाण्यात हात घालवत नाही. अ‍ॅनापोलिसजवळच्या या यार्डात बोटी हिवाळाभर जमिनीवर असतात. निळ्या पट्ट्याची ही ३० फुटी बोट माझी. १९७८ साली बांधलेली, फायबरग्लासची.

मागच्या सप्टेंबरात माझी मुलगी डेकवरून चालता चालता कडेच्या खांबाला धरून थांबली. खांब हलला. तुटला नाही, नुसता इंचभर कलला आणि परत जागेवर आला. तिच्या लक्षातही आलं नाही. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

या खांबाला स्टॅन्शन म्हणतात. त्यांच्यातून ओवलेली तार, म्हणजे लाइफलाइन, माणसाला पाण्यात पडण्यापासून अडवते. खुल्या समुद्रावरच्या शर्यतींच्या नियमांत एवढ्या बोटीला ही तार डेकपासून किमान ६०० मिलिमीटर उंच लागते. आता हिशोब करा. ७० किलोचा माणूस झोक जाऊन तारेवर पडला, त्याचा भार एकाच खांबाच्या टोकावर आला. खांब ६० सेंटिमीटरची पहार झाला. खाली बोल्टांच्या दोन ओळींत अंतर फक्त ५ सेंटिमीटर. म्हणजे एका बाजूचे बोल्ट ८४० किलोंच्या ताकदीने वर उपटले जातात. आणि त्यांना खालून धरून काय ठेवलं होतं? रुपयाच्या नाण्यापेक्षाही लहान वायसर.

[दृश्य: हातोडीच्या मुठीने डेकवर ठोकत जाणारा हात. आवाज मोठा ठेवावा.]

हा आवाज ऐका. खणखणीत. अजून थोडं पुढे. इथेही खणखणीत. आणि आता स्टॅन्शनजवळ… बद्द. बाजारात माठ घेताना आई टिचकी मारून बघायची, तीच ही परीक्षा.

बद्द का वाजतं? त्या काळातल्या पुष्कळ बोटींसारखा हा डेक तीन थरांचा आहे. वर फायबरग्लासचा पापुद्रा, खाली दुसरा, आणि मध्ये बाल्साचं लाकूड. वजनाला हलकं, दाबाला पक्कं. कोरडं असेपर्यंत याच्यासारखं दुसरं नाही. पण बोल्टाचं भोक या लाकडातूनच जातं. भोकातलं सीलंट, म्हणजे फट बुजवणारा लगदा, वीस-पंचवीस वर्षांनी वाळतं, चिरतं आणि पाणी आत शिरतं. बाल्साचे छोटे छोटे ठोकळे शेजारी शेजारी बसवलेले असतात. त्यांच्या फटींतून पाणी लांबवर पसरतं.

आपल्याकडे स्लॅब गळतो तेव्हा पाणी मुरतं एका खोलीत आणि ओल दिसते दुसऱ्या खोलीत. इथेही तसंच. म्हणून केबिनमध्ये थेंब पडला की लोक थेंबाच्या वर सीलंट फासतात आणि निर्धास्त होतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण तोवर आतलं लाकूड कुजत असतं.

[दृश्य: अगदी जवळून. ड्रिल बिटवरून पडणारा ओला भुसा.]

कोरडा बाल्सा फिकट पिवळसर निघतो. हा बघा, चहा गाळल्यावर उरलेल्या चोथ्यासारखा. बोटांत धरून दाबला की पाणी सुटतं.

आणि हा बोल्ट. डोकं चकचकीत, नटाकडचं टोक चकचकीत. मध्ये, डेकच्या जाडीत होता तिथे, उंदराने कुरतडावा तसा बारीक झालाय. स्टेनलेस स्टीलला गंजापासून वाचवणारा पातळ थर टिकायला प्राणवायू लागतो. ओल्या, बंद भोकात तो मिळत नाही. डोलकाठीचे तारदोर ज्यांना बांधलेले असतात त्या चेनप्लेटही डेकमधून जातात तिथेच अशा खाल्ल्या जातात. त्या काढून बघितल्याशिवाय कळत नाही. मी सगळ्या काढल्यात.

आता दुरुस्ती. बोल्ट ८ मिलिमीटरचा असेल तर वरून भोक त्याहून मोठं करायचं, खालचा पापुद्रा शाबूत ठेवायचा. मग वाकवलेला खिळा ड्रिलला लावून दोन्ही पापुद्र्यांमधलं कुजकं लाकूड खरवडून काढायचं. मग थांबायचं. भोकं उघडी, वर ताडपत्रीचा तंबू, आत हीटर. मी तीन आठवडे थांबलो. इपॉक्सी, म्हणजे दोन द्रव मिसळून दगडासारखा कडक होणारा चिकट पदार्थ, ओल्या लाकडावर धरत नाही, त्यामुळे इथे घाई केली तर सगळं काम पाण्यात.

खालून चिकटपट्टी लावून आधी पातळ इपॉक्सी पाजायचं, लाकूड पिईल तेवढं. नंतर सिलिकाची भुकटी घालून घट्ट केलेलं इपॉक्सी भरायचं. मोठा खड्डा एकदम भरला तर ते स्वतःच्याच उष्णतेने उकळतं, म्हणून थराथराने. सुकल्यावर त्या घट्ट खुंटीच्या मधोमध बोल्टाएवढं भोक. आता बोल्टाची लाकडाशी गाठच पडत नाही.

खाली वायसरच्या जागी पट्टी: इपॉक्सी-काचतंतूंची, ६ मिलिमीटर जाड. नांगराचा किंवा धक्क्याचा दोर ज्याला बांधतात त्या क्लीटखाली मी १० बाय १५ सेंटिमीटरची घातली. आधीचे चार वायसर मिळून जेमतेम ६ चौरस सेंटिमीटर भरत होते. ही १५० भरते. कोपरे कानशीने गोल केले, नाहीतर भार कोपऱ्यावर एकवटतो. डेकची खालची बाजू खडबडीत असते, म्हणून पट्टीही घट्ट इपॉक्सीत बसवली.

[दृश्य: केबिनच्या कपाटात कमरेपर्यंत शिरलेली पत्नी, हातात पाना. वर निवेदक, हातात स्क्रू ड्रायव्हर.]

भोकाच्या तोंडाला थोडा उतार दिलाय आणि बोल्टाभोवती ब्यूटाइल टेपचा, म्हणजे चिकट रबरी पट्टीचा वळसा. हा टेप कायम मऊ राहतो. पुन्हा कधी काढावं लागलं तर डेकचा पापुद्रा सोबत उपटून येत नाही. बोल्ट फिरवायचा नाही, नाहीतर टेपही त्याच्याबरोबर फिरतो. वरून बोल्ट धरायचा, खालून नट आवळायचा. या कामाला दोन माणसं लागतातच.

"धरलायस का?"

"धरलाय. फिरव."

कडेने काळा टेप हळूहळू बाहेर येतो. तेवढ्यावर थांबायचं. उद्या अर्धा फेरा, परवा आणखी अर्धा.

१९८८ पूर्वीच्या आराखड्याच्याच बोटी चालतात अशी गोल्डन ग्लोब ही जगप्रदक्षिणेची शर्यत आहे. भारतीय नौदलातून निवृत्त झालेले अभिलाष टॉमी २०२३ मध्ये ३६ फुटी बोटीतून एकट्याने, कुठेही न थांबता ती पूर्ण करून दुसरे आले. जुनी बोट मोडीत काढ म्हणणाऱ्यांना मी हे सांगतो.

[दृश्य: पाऊस. कपाटात टॉर्चचा उजेड, पट्टीवरून फिरणारं बोट.]

रात्रभर पाऊस झाला. नट कोरडा आहे. पट्टीची कड कोरडी. वर मुलगी त्याच खांबाला दोन्ही हातांनी धरून मागे रेलली आहे, मीच सांगितलंय तिला. खांब हलत नाही.

अजून सात खांब बाकी आहेत. बोट एप्रिलअखेर पाण्यात जाईल.