खारपाणपट्ट्यातला साबण

(दृश्य: कापसाचं शेत, वेचणी चालू. कॅमेरा हातांवर.)

कापूस वेचणारे हे हात जवळून बघा. बोंड उकललं की त्याच्या वाळलेल्या पाकळ्यांना टोकं येतात. कापूस ओढताना ती नखांच्या कडेला लागतात. दिवसभर वेचणी, संध्याकाळी भांडी आणि धुणं. मग बोटांच्या चिरा भरायच्या कधी? त्या चिरांत धुण्याचा साबण गेला की जीव कळवळतो.

म्हणून अमरावती जिल्ह्याच्या दर्यापूर तालुक्यातल्या या बचत गटानं हात धुवायचा पातळ साबण घरीच करायला घेतला. तो मऊ हवा आणि फेसही भरपूर हवा. फेस आल्याशिवाय हात धुतल्यासारखं वाटत नाही, असं इथल्या बाया म्हणतात.

(दृश्य: विहीर, बादलीच्या कडेला पांढरा थर.)

खरी अडचण पाण्याची आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. विहीर खणा नाहीतर बोअर मारा, पाणी खारट. हे खारट पाणी बऱ्याचदा जडही असतं. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतं आणि त्याचा न विरघळणारा चोथा होतो. बादलीच्या कडेला चिकटतो तो हाच. मीठ फार असेल तर साबण पाण्यातून वेगळाच पडतो. म्हणजे तेलं कितीही निवडून घेतली तरी अशा पाण्यात फेस उभा राहत नाही.

गटाचा साबण पावसाच्या पाण्यात होतो. पत्र्यावरच्या पहिल्या सरी वाहून जाऊ द्यायच्या, नंतरचं पाणी गाळून ड्रममध्ये धरायचं. ते संपलं तर इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर.

(दृश्य: तराजू, तेलाच्या बाटल्या.)

आता तेलं. खोबरेल तेलानं फेस झटकन येतो आणि मोठा येतो. पण फेस भरपूर म्हणजे साबण चांगला, असं समजू नका. नुसत्या खोबरेलाचा साबण कातडीचं तेलही ओढून नेतो आणि फाटलेले हात आणखी फाटतात. सरकीच्या तेलाचा साबण सौम्य, आणि कापसाच्या मुलखात सरकीचं तेल शोधावं लागत नाही. एरंडेल थोडंच घालायचं, पण आलेला फेस त्यानं टिकतो.

गटाचं माप असं: खोबरेल २५० ग्रॅम, सरकीचं १७५, एरंडेल ७५. त्याला ९० टक्के शुद्धतेचं कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) १२० ग्रॅम आणि पाणी ३६० ग्रॅम. वडीच्या साबणाला लागतो तो कॉस्टिक सोडा इथे चालत नाही. पोटॅशचा साबण मऊ राहतो आणि पाण्यात सहज विरघळतो. या मापात सुमारे ३ टक्के तेल मुद्दाम जास्त ठेवलंय, म्हणजे तिखट पोटॅश मागे राहत नाही. तेल याहून फार वाढवलं तर साबण गढुळतो. सगळं वजन काट्यावर, वाटी-चमच्यानं नाही. तेल बदललं की पोटॅशचा हिशेबही बदलतो. गडचिरोलीकडे मोहाच्या बियांचं, म्हणजे टोळीचं तेल मिळतं. तेही चालेल, पण हिशेब नव्यानं करून.

(दृश्य: अंगणात, हातमोजे आणि चष्मा घातलेल्या दोघी.)

हा भाग लक्ष देऊन बघा. “पोटॅश पान्यात टाका, पानी पोटॅशवर टाकू नोका,” मावशी प्रत्येक खेपेला मोठ्यानं बजावतात, आणि बजावायलाच हवं. पोटॅश पाण्यात पडताच चरचर आवाज येतो, पातेलं बाहेरून तापतं आणि वाफ उठते. पाणी वरून ओतलं तर उसळून तोंडावर येतं. पातेलं स्टीलचंच, ॲल्युमिनियमचं बिलकूल नको. ॲल्युमिनियमला पोटॅश खातं आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. पोरं आणि कोंबड्या अंगणाबाहेर. अंगावर थेंब उडाला तर वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धरायचं. डोळ्यात गेला तर पाणी मारत लगेच दवाखान्यात.

(दृश्य: उकळत्या पाण्याच्या पातेल्यात दुसरं पातेलं.)

कोमट तेलात हे पोटॅशचं पाणी धार धरून ओततात आणि घोटतात. आधी तेल फुटून वर येतं, काळजी करू नका. घोटत राहिलं की मिश्रण पिठल्याएवढं दाट होतं, मग इतकं घट्ट की पळी उभी राहते. इथून पुढे उकळत्या पाण्यावर मंद आचेनं काही तास. मधूनमधून ढवळायचं. हळूहळू पांढरेपणा जातो आणि लगदा अर्धपारदर्शक पिवळसर दिसू लागतो.

झालं की नाही, हे असं कळतं: चमचाभर लगदा गरम पावसाच्या पाण्यात विरघळवा. पाणी नितळ राहिलं तर झालं, दुधाळ झालं तर अजून शिजवा. गटाकडे फिनॉल्फ्थेलीनची बाटली आहे. थेंब टाकल्यावर लगदा गडद गुलाबी झाला तर पोटॅश शिल्लक आहे. असा साबण हाताला लावायचा नाही.

सौम्य करायचा म्हणून लिंबू पिळू नका. खरा साबण अल्कलीधर्मीच असतो, त्याचा पीएच ९ ते १० च्या आसपास. आम्ल घातलं की साबण मोडतो आणि तेलाची आम्लं वेगळी होऊन तरंगतात. कोरफडीचा गर आणि दूधही नको, त्यानं बाटली नासते. साबण होताना ग्लिसरीन आपोआप तयार होतं. मोठ्या कारखान्यांत ते बहुतेकदा वेगळं काढून घेतात, इथे ते साबणातच राहतं.

(दृश्य: बाटल्या भरताना.)

लगद्याएवढंच गरम पाणी घालून रात्रभर झाकून ठेवलं की सकाळी साबण तयार. तो दुकानातल्या हँडवॉशएवढा दाट होत नाही, पाण्यासारखा पातळच राहतो. म्हणून फेस काढणाऱ्या पंपाची बाटली घ्यायची. एका दाबात तळहातभर फेस येतो. उरलेला लगदा घट्ट झाकणाच्या डब्यात महिनोन्‌महिने टिकतो, लागेल तेवढाच पातळ करायचा. आणि हा हातांचा साबण आहे. डोळ्याजवळ नको, आणि खाऱ्या पाण्यानं न्हायचं असेल तर केसांनाही नको. त्याचा चोथा केसांत बसतो आणि निघता निघत नाही.