बॅक टू ब्लॅक: ३५ मिनिटांच्या अल्बममागची एक खोली

(घर बाहेरून)

हे घर बघा. न्यूयॉर्क, ब्रुकलिनमधलं बुशविक. बाहेरून वाटतं वरखाली दोन बिऱ्हाडं राहत असतील, पण आत डॅपटोन स्टुडिओ आहे, आणि ब्रिटिश गायिका एमी वाइनहाउसच्या ‘बॅक टू ब्लॅक’ या दुसऱ्या अल्बमला तो जो १९६० च्या दशकातला वाटणारा आवाज आहे ना, तो बराचसा इथं जमलाय.

(टेपची रिळं, जवळून)

ही रिळं शोभेची नाहीत. इथं टेपवरच रेकॉर्ड करायचे. डॅप-किंग्ज हा इथला बँड, तेव्हा एरवी गायिका शॅरन जोन्सच्या मागे वाजवायचा. निर्माता मार्क रॉन्सन एमीबरोबर केलेले डेमो, म्हणजे गाण्यांची कच्ची रेकॉर्डिंग, घेऊन आला आणि यांनी ते एकत्र बसून वाजवले. ड्रमला आजकाल आठ-दहा माइक सहज लागतात, इथं अगदी मोजके, त्यामुळे ड्रम गिटारच्या माइकमध्ये शिरतो, गिटार आणखी कुठे, साउंडवाले याला लीकेज म्हणतात आणि एरवी वैतागतात, पण इथली सगळी मजाच ती, कारण नंतर एकेक वाद्य सुटं काढून पुसायला गेलात तर जमत नाही. वाजलं ते वाजलं. आणि हे चालू होतं तेव्हा एमी लंडनला परतली होती, बँडची आणि तिची भेट नंतर झाली!

(न्यूयॉर्कचा रस्ता)

असाच रस्ता. चालता चालता ती रॉन्सनला सांगते, घरचे रिहॅबला, म्हणजे व्यसनमुक्ती केंद्रात, पाठवत होते, मी साफ नाही म्हटलं. तो म्हणतो, अगं हे तर गाणं आहे. तेच ‘रिहॅब’. लोक त्या गाण्यात फक्त दारू ऐकतात. इतकी जड गोष्ट तिनं इतक्या उडत्या चालीत बसवली, शब्द-चाल दोन्ही तिचंच, हे कोणी बोलत नाही आणि मला त्याचाच राग येतो.

अल्बमवर एकूण ११ गाणी, त्यातली ५ दुसरा निर्माता सलाम रेमीची. त्याचं काम मायामीत झालं, तिथलं फुटेज आपल्याकडे नाही.

(टीव्हीवरचा ग्रॅमी सोहळा)

अल्बम आला ऑक्टोबर २००६ मध्ये, फेब्रुवारी २००८ मध्ये ५ ग्रॅमी, व्हिसा वेळेत मिळाला नाही म्हणून ती लंडनहून सॅटेलाइटवर गायली, आणि २३ जुलै २०११ ला गेली, २७ वर्षांची होती, तिसरा अल्बम तिच्या हयातीत आलाच नाही.

(डिंगल, चर्चचा आतला भाग)

हे त्याआधीचं, डिसेंबर २००६. आयर्लंडमधलं डिंगल, सेंट जेम्स चर्च, जेमतेम ८० माणसं बसलेली. तीच गाणी, पण ब्रास नाही, ड्रम नाही. एक गिटार, एक बेस, आणि ती.

निवेदन इथं थांबवतोय, गाणं पूर्ण जाऊ द्या.