अकरा महिन्यांचा दरबार

मंडळी, निमंत्रणपत्रिकेवर विषय ‘किंग क्रिमझन’ एवढाच छापलाय. पण इंग्लंडच्या या रॉक बँडच्या नावाखाली पन्नास वर्षांत इतके वादक आले आणि गेले, की नुसती नावं घेत बसलो तरी चहाची वेळ होईल. मी पहिल्या पाच जणांबद्दलच बोलणार आहे. गिटारवर रॉबर्ट फ्रिप. बेस वाजवणारा आणि गाणारा ग्रेग लेक. सॅक्सोफोन, बासरी, मेलोट्रॉन, जे हाताशी येईल ते वाजवणारा इयन मॅकडोनाल्ड. ड्रम्सवर मायकल जाइल्स. आणि पाचवा पीटर सिनफील्ड. हा स्टेजवर कुठलंच वाद्य वाजवायचा नाही. तो शब्द लिहायचा, दिव्यांचा खेळ सांभाळायचा, बाकीच्यांना कपडे कुठून घ्यायचे ते सांगायचा. बँडचं बारसंही त्यानंच केलं.

या पाच जणांच्या तालमी सुरू झाल्या १३ जानेवारी १९६९ ला, लंडनच्या फुलहॅम पॅलेस रोडवरच्या एका कॅफेच्या तळघरात. त्याच वर्षी डिसेंबरच्या मध्यावर सॅन फ्रान्सिस्कोमध्ये सगळं आटोपलं. म्हणजे अकरा महिने. आपल्याकडे भाड्याच्या घराचा करार होतो, तेवढा काळ! त्यात एक अल्बम, ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिमझन किंग’. आणि तरी त्या अकरा महिन्यांची आठवण काढताना आजही डोळे चमकतात अशी सत्तरी ओलांडलेली माणसं इंग्लंडात आहेत.

या माणसांची गंमत अशी, की ती अल्बमबद्दल फार बोलत नाहीत. बोलतात ते लंडनच्या मार्की क्लबबद्दल, स्पीकईझीबद्दल, हाइड पार्कबद्दल. सूर असा, की रेकॉर्ड आहे ठीक, पण समोर बसून ऐकायला हवं होतं. हा सूर आपल्याला काही नवा नाही. भास्करबुवा बखल्यांची एकही ध्वनिमुद्रिका नाही, बुवा १९२२ मध्ये गेले, आणि तरी त्यांचं गाणं किती थोर होतं हे आपण ठामपणे सांगतो. का, तर ऐकणाऱ्यांनी सांगून ठेवलंय. तानसेन गेला, कानसेन उरले. आता या कानसेनांवर कितपत विसंबायचं? बुवांच्या बाबतीत पडताळायला काही हाताशी नाही. क्रिमझनच्या बाबतीत ती सोय आहे, आणि म्हणूनच मी हा विषय घेतला.

आधी आठवणी ऐकू.

९ एप्रिल १९६९, स्पीकईझी क्लब. लंडनमधला त्यांचा पहिला कार्यक्रम. स्पीकईझी म्हणजे संगीतवाल्यांचाच अड्डा. तिथे येणारे बहुतेक स्वतः वाजवणारे, त्यामुळे सहज माना डोलवणारे नव्हेत. बिल ब्रूफर्ड तेव्हा ‘येस’ या बँडमध्ये ड्रम्स वाजवत होता. त्यानं क्रिमझनला सुरुवातीच्या दिवसांत ऐकलं आणि तो इतका भारावला, की पुढे तीन वर्षांनी, ‘येस’ यशाच्या शिखरावर असताना, तो बँड सोडून फ्रिपकडे आला. प्रेमाचा याहून मोठा पुरावा कुठला देणार? मे महिन्यात रेव्होल्यूशन क्लबमध्ये नामवंत गिटारवादक जिमी हेंड्रिक्स ऐकायला आला. कार्यक्रम संपल्यावर फ्रिपकडे जाऊन त्यानं डावा हात पुढे केला. उजवा बांधलेला होता. डावाच मिळव, तो हृदयाच्या जवळ असतो, असं म्हणाला. फ्रिप हा किस्सा गेली कित्येक वर्षं सांगतोय, आणि एरवी कोरडा बोलणारा हा माणूस इथे मात्र हळवा होतो.

अजून एक. फ्रिपला उभं राहून वाजवणं जमेना, म्हणून त्याला स्टूल हवं होतं. लेकनं विरोध केला: बसून वाजवलंस तर अळंबीसारखा दिसशील. फ्रिपचं उत्तर असं, की अनेक संस्कृतींमध्ये अळंबी सुफलतेचं प्रतीक मानतात. तेव्हापासून क्रिमझनमध्ये तो बसूनच वाजवत आला. ही दोन्ही पोरं डॉर्सेटची, दोघेही गिटार शिकले एकाच मास्तरांकडे, डॉन स्ट्राइक यांच्याकडे. लेक मुळात गिटारवाला. बँडमध्ये गिटारची जागा भरलेली, म्हणून त्यानं बेस उचलला. त्या बेसमध्ये गिटारवाल्याची चपळाई का आहे, ते यावरून कळतं.

मग हाइड पार्क. ५ जुलै १९६९. रोलिंग स्टोन्सचा फुकट कार्यक्रम. दोनच दिवसांपूर्वी त्यांचा जुना साथीदार ब्रायन जोन्स गेला होता. गर्दीचे अंदाज अडीच लाखांपासून पाच लाखांपर्यंत. लंडनमध्ये पदार्पण करून तीन महिनेही झाले नव्हते अशा क्रिमझनला त्या दिवशी दुपारी स्टेज मिळालं. लोक अर्थातच स्टोन्ससाठी जमले होते. पण घरी परतताना त्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात वेगळंच काही घुमत होतं, असं ते सांगतात. कारण या मंडळींनी शेवटाला होल्स्टचा ‘मार्स’ काढला होता.

‘मार्स’बद्दल जरा थांबतो. होल्स्ट हा इंग्लंडचा शास्त्रीय संगीतकार, आणि ही त्याची युद्धदेवतेवरची रचना. पाच मात्रांचं चक्र, एकाच स्वरावर ठोकत राहिलेलं. क्रिमझननं ते ऑर्केस्ट्राशिवाय करायचं ठरवलं आणि भार टाकला मेलोट्रॉनवर. हे वाद्य दिसायला ऑर्गनसारखं. पण प्रत्येक पट्टीखाली टेपची एक फीत असते आणि तिच्यावर खऱ्या व्हायोलिनांचा किंवा बासऱ्यांचा एकेक स्वर भरलेला असतो. पट्टी दाबली की फीत सरकते, आठेक सेकंदांत संपते, बोट उचललं की मागे जाते. वीज कमी-जास्त झाली की सूर लडबडतो. म्हणजे एक तर या यंत्राची मनधरणी करायची, नाही तर त्याच्या लडबडीलाच कामाला लावायचं. मॅकडोनाल्डनं दुसरा रस्ता धरला. ‘मार्स’मध्ये ती व्हायोलिनं चढत चढत किंचाळायला लागतात, खाली ड्रम्स आणि बेस तेच पाच ठोके सोडत नाहीत, आणि एका टप्प्यावर संगीत कुठे संपलं आणि आवाज कुठे सुरू झाला ते कळेनासं होतं. पहिल्या अल्बमवर हे नाही. दुसऱ्यासाठी होल्स्टच्या वारसांनी परवानगी नाकारली, तेव्हा नाव आणि चाल बदलून काहीसं तसंच करावं लागलं.

अल्बमवर नसलेल्या अशा बऱ्याच गोष्टी ते स्टेजवर करत. डोनोव्हन या गायकाचं एक गाणं घेऊन त्यावर लांबलचक उपज. ‘अ मॅन, अ सिटी’ नावाचं गाणं, जे पुढे दुसऱ्या अल्बमवर वेगळ्या नावानं आलं. अल्बम १० ऑक्टोबर १९६९ ला बाहेर पडला, इंग्लंडच्या खपाच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत चढला. त्या वेसेक्स स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रणाला मी नावं ठेवणार नाही. ‘मूडी ब्लूज’ या बँडचा निर्माता टोनी क्लार्क याच्याबरोबर सुरू केलेलं काम मोडून या पोरांनी स्वतः निर्मिती केली, हेच केवढं धाडस! मुखपृष्ठावरचा तो किंचाळणारा गुलाबी-लाल चेहरा बॅरी गॉडबर या कॉम्प्युटर प्रोग्रॅमर तरुणाचा. फेब्रुवारी १९७० मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तो हृदयविकारानं गेला. बाहेर बँडचं नावही नाही, नुसता चेहरा. आम्हाला हा अल्बम कॉपी केलेल्या कॅसेटवर मिळाला, त्यामुळे तो चेहरा फार उशिरा दिसला. संगीत ऐकून मनात जे चित्र तयार झालं होतं, ते याहून फारसं वेगळं नव्हतं.

आता पडताळणी. १९९७ मध्ये फ्रिपच्या कंपनीनं ‘एपिटाफ’ नावाचा संच काढला. त्यात १९६९ चे जिवंत कार्यक्रम होते: बीबीसी, न्यूयॉर्कचं फिलमोर ईस्ट, सॅन फ्रान्सिस्कोचं फिलमोर वेस्ट, प्लम्प्टन, चेस्टरफील्ड. यातलं बरंच काही श्रोत्यांनी चोरून केलेलं ध्वनिमुद्रण, म्हणजे आपण ज्याला बूटलेग म्हणतो ते. हाइड पार्कची टेपही पुढे अशीच बाहेर आली. तिचा आवाज इतका वाईट आहे, की श्रद्धा असेल तरच ऐकवते. विनोद पाहा. कार्यक्रमात टेप रेकॉर्डर दिसला, कॅमेरा चमकला, की फ्रिपचं डोकं फिरतं; त्याबद्दल तो आयुष्यभर भांडत आला. आणि त्याच्या सगळ्यात लाडक्या बँडचे स्टेजवरचे महिने वाचले, त्यात मोठा वाटा याच चोरांचा.

त्या वर्षी लंडनमध्ये या टेप्स ऐकण्यासाठी चाहते जमले, आणि जुनी वादक मंडळीही आली. ज्यांनी अठ्ठावीस वर्षं ती आठवण जपली, त्यांच्यासमोर पुरावा वाजत होता. अशा वेळी आठवणीची फजिती व्हायची शक्यताच जास्त.

फजिती झाली नाही. माझं मत विचाराल तर म्हातारे बरोबर होते. ‘ट्वेंटी फर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन’ फिलमोरच्या टेपवर ऐका. गाण्याच्या मध्यावर चौघे एकाच वेळी तुटक फटके मारतात, मध्ये निखळ शांतता, पुन्हा फटके, आणि प्रत्येक वेळी मधलं अंतर वेगळं. समेची वाट बघत बसलात तर फसाल. रेकॉर्डवर हे चातुर्य वाटतं, इथे अंगावर येतं. आणि जाइल्स! अल्बमवर तो सभ्य, नेमका ड्रमर आहे. स्टेजवर तो ठेका धरून बसतच नाही. लेकच्या दोन ओळींमध्ये बारीकसा रोल टाकून जणू शेरा मारतो आणि पुढे जातो. रॉकमध्ये असं वाजवणारे तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

पण टेप्स एका बाबतीत दंतकथेच्या विरुद्ध साक्ष देतात. क्रिमझन म्हणजे फ्रिप, असं आज सगळे धरून चालतात. पहिल्या अल्बमची श्रेयनामावली काढा. एकही गाणं फ्रिपच्या एकट्याच्या नावावर नाही. ज्या गाण्यावरून अल्बमला नाव मिळालं ते मॅकडोनाल्ड आणि सिनफील्डचं. ‘आय टॉक टू द विंड’ही त्यांचंच. कार्यक्रमांतही गिटार कित्येकदा मागे राहते, आणि पुढे असतो सॅक्सोफोन नाहीतर मेलोट्रॉन. फ्रिप तिथे पाचांतला एक आहे. या बँडला मालकच नव्हता. मोठे कलावंत एकत्र आले की काही दिवसांत एकाचा गट आणि बाकीचे पगारी, असं होतं. इथे ते व्हायला सवड मिळाली नाही. लोक म्हणतात, लवकर मोडला म्हणून गोड वाटतो. मला हे पटत नाही. लवकर मोडलेले बँड पैशाला पासरी आहेत, त्यांची कोण आठवण काढतं?

मोडला तो असा. अमेरिकेचा दौरा, डिसेंबर, कॅलिफोर्नियातला गाडीप्रवास. मॅकडोनाल्ड आणि जाइल्सनं सांगितलं, आम्ही जातो. जाइल्सला प्रवास सोसेना. मॅकडोनाल्डला ते काळंकुट्ट संगीत झेपेना, त्याला काहीतरी प्रसन्न करायचं होतं. फ्रिप म्हणाला, बँड टिकत असेल तर मीच जातो. त्यावर मॅकडोनाल्डचं उत्तर, की हा बँड आमच्यापेक्षा तुझा जास्त आहे. आत्ताच मी जे सांगितलं, त्याला छेद देणारी साक्ष खुद्द मॅकडोनाल्डची. द्या हवं तर माझ्याविरुद्ध निकाल! पण जाणारा माणूस निघताना असंच काहीतरी बोलतो. फिलमोर वेस्टच्या त्या शेवटच्या कार्यक्रमांत ‘द नाइस’ हा कीथ इमर्सनचा बँडही होता. तिथेच लेक आणि इमर्सनचं जुळलं, आणि त्यातून पुढे ‘इमर्सन, लेक अँड पामर’ हा बँड उभा राहिला.

मॅकडोनाल्डला मात्र चुटपुट लागून राहिली. पुढे ‘फॉरिनर’ या बँडमध्ये त्यानं भरपूर नाव कमावलं, तरीही. २००२ मध्ये तो आणि जाइल्स जुनी गाणी घेऊन एका वेगळ्या बँडमधून पुन्हा स्टेजवर आले. त्यातला गायक जॅको जॅक्सिक हा मुळात क्रिमझनचा लहानपणापासूनचा चाहता, आणि नंतर फ्रिपनं त्यालाच खऱ्या क्रिमझनमध्ये घेतलं. लेक २०१६ मध्ये गेला, मॅकडोनाल्ड २०२२ मध्ये, सिनफील्ड २०२४ मध्ये. क्रिमझनवरच्या २०२२ च्या माहितीपटात मॅकडोनाल्ड रडवेला होऊन सोडून गेल्याबद्दल फ्रिपची माफी मागतो. पन्नास वर्षांपूर्वीचा राजीनामा, आणि माणूस अजून त्याची सफाई देतोय.

बोलणं पुरे. आता फिलमोर वेस्टचा ‘मार्स’ लावतो. रेकॉर्डिंग तितकंसं स्वच्छ नाही, ड्रम्स जरा दूर वाटतील. पण मेलोट्रॉन कधी बिथरतो तिकडे लक्ष ठेवा. स्पीकरजवळच्या रांगेतल्या ज्येष्ठांनी मागे बसायचं असेल तर आत्ताच उठा, कारण आवाज मी कमी करणार नाही.